हळदीचा चहा चाखून निवडायचा तर आधी हळद वेगळी काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात हळदीच्या चहाचे चार प्रकार आहेत. एक पिशव्यांचा तयार डबा, एक मेघालयातल्या लाकाडोंग हळदीची महाग पूड, एक सांगलीहून आणलेली हळकुंडं दळून केलेली पूड आणि चौथी ओली हळद. दोन रविवारी चारही करून प्यायलात. पहिल्यांदा डब्यातला चहा सगळ्यांत आवडला आणि लाकाडोंग ‘नुसती कडू’ लागली. दुसऱ्यांदा नेमकं उलटं झालं. आता जिभेवर विश्वास ठेवावा की किमतीवर, असं विचारताय.

किमतीवर तर नकोच. आणि जिभेचं म्हणाल तर दोष तिचा नाही. तिच्यापुढे दोन्ही रविवारी वेगवेगळ्या गोष्टी आल्या असणार. तुम्ही चमच्याने मोजलंय, एकाच पातेल्यातून ओतलंय, चाखण्याचा क्रम लिहून ठेवलेला नाही, आणि डब्यातल्या चहात आलं, गवती चहा, मिरी असं बरंच काही आहे. म्हणजे एका बाजूला हळद आणि दुसऱ्या बाजूला आल्याचा चहा, अशी ती तुलना होती. आल्याच्या चहापुढे नुसती हळद सहसा हरतेच.

म्हणून पहिल्यांदा एक गोष्ट ठरवा. तुम्हाला माल तपासायचाय की कप? ‘कुठली हळद चांगली’ हा मालाचा प्रश्न. त्यात हळदीशिवाय सगळं सारखं ठेवावं लागतं आणि चहा नुसत्या पाण्यात करावा लागतो. ‘रोज सकाळी मला कुठला प्यायला आवडेल’ हा कपाचा प्रश्न. त्यात प्रत्येक चहा ज्या पद्धतीने प्यायचा तसाच करायचा, गूळ-दूध-आल्यासकट. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण एकाच बैठकीत दोन्हींची उत्तरं मिळत नाहीत. आधी माल, मग कप, असा क्रम सोयीचा पडतो. नुसत्या पाण्यात हळदीचे दोष लपत नाहीत आणि नापास माल तिथेच बाजूला काढता येतो.

आता मापाचं. चहाच्या चाखणीसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३. त्यात १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं मुरवण, असं ठरलेलं आहे. ते चहाच्या पत्तीसाठी आहे. हळदीच्या पुडीला २ ग्रॅम फार होतं, तोंड बधिर झाल्यासारखं होतं आणि फरक कळेनासा होतो. पुडीसाठी १०० मिलीला १ ग्रॅम हे प्रमाण ठेवा. एका नमुन्याला ३०० मिली पाणी आणि ३ ग्रॅम पूड. दोघांना दोनदा चाखायला पुरतं. सपाट चमचाभर हळद साधारण ३ ग्रॅम भरते, पण बारीक दळलेली आणि जाडसर दळलेली यांत सहज चतुर्थांशाचा फरक पडतो. सोनारासारखा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा बाजारात स्वस्तात मिळतो. तो नसेल तर या सगळ्या खटाटोपाला फारसा अर्थ नाही, इतकं स्पष्ट सांगतो.

कृती साधी आहे, पण प्रत्येक पायरीला कारण आहे. पूड आधी दोन चमचे गार पाण्यात कालवून घ्या. थेट उकळत्या पाण्यात टाकली की गुठळ्या होतात आणि गुठळीच्या आतली हळद कोरडीच राहते. उकळी आलेल्या पाण्यात हे कालवण घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर ५ मिनिटं. मग गॅस बंद करून, झाकण न काढता २ मिनिटं. झाकण महत्त्वाचं, कारण हळदीचा वास तिच्या उडनशील तेलात असतो आणि उघड्या पातेल्यातून तो स्वयंपाकघरभर पसरतो, कपात उरत नाही. नंतर मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा. चारही नमुन्यांना तेच फडकं नको, एकाच कापडाचे चार तुकडे घ्या. हळदीने माखलेलं फडकं कितीही धुतलं तरी पुढच्या नमुन्यात थोडी मागची हळद सोडतं. भांडी स्टीलची किंवा काचेची. प्लॅस्टिकमध्ये रंग आणि वास दोन्ही मुरतात, म्हणून मापाला सुद्धा प्लॅस्टिक नको.

न गाळता प्यायची सवय असेल तर तीच पसंती उलटण्याचं बहुधा सगळ्यांत मोठं कारण आहे. हळदीतला पिवळा रंग, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडं, पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. कपात दिसतो तो बहुतांश तरंगणारा बारीक कण असतो आणि तो तीन-चार मिनिटांत खाली बसायला लागतो. पातेल्यातून न ढवळता ओतलं तर पहिला कप पाणचट आणि शेवटचा दाट, पिठूळ, कडवट. एका रविवारी लाकाडोंगचा शेवटचा कप तुमच्या वाट्याला आला असेल आणि दुसऱ्या रविवारी पहिला, तर तेवढंच पुरे आहे.

पाणी एकच वापरा आणि शक्यतो बोअरचं वापरू नका. जड पाण्यात बायकार्बोनेट असतात. उकळताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाणी अल्कधर्मी होतं. अल्क लागला की हळद लालसर होते. हळदीत चुना कालवून कुंकू करतात ते याच गुणावर. कप केशरी-तपकिरी दिसला की लोक म्हणतात, ‘बघा, किती कसदार हळद.’ प्रत्यक्षात तो पाण्याचा गुण असतो, आणि अशा पाण्यात रंगद्रव्य लवकर नासतंही. खात्री करायची तर त्याच कपात लिंबाचे दोन थेंब टाका. रंग झटकन लख्ख पिवळ्यावर येतो.

रंगाबद्दल आणखी एक, कारण पैसे इथेच जातात. पाकिटावर कर्क्युमिनचा टक्का छापतात आणि त्यावर किंमत चढवतात. बाजारातल्या बहुतेक हळदींत तो साधारण २ ते ५ टक्के असतो. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांमधली लाकाडोंग ७ टक्क्यांच्या आसपासची म्हणून ओळखली जाते. पण कर्क्युमिन हा रंग आहे, त्याला स्वतःचा वास जवळपास नाही. तुम्ही ज्याला ‘हळदीचा वास’ म्हणता तो टर्मेरोन नावाच्या तेलातल्या घटकांचा. रंगाने गडद हळद वासाला मंद असू शकते आणि फिकट हळद घमघमीत. टक्का खरा असला तरी तो चवीबद्दल फारसं सांगत नाही. भौगोलिक मानांकनाचंही तसंच. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये ते मिळालं, हिंगोलीकडच्या वसमतच्या हळदीलाही आहे. त्यातून गाव कळतं; पूड कधी दळली आणि किती दिवस उघड्या बरणीत पडली होती ते कळत नाही.

तुमच्या चार नमुन्यांपैकी दोन पुड्या एकमेकींशी थेट ताडता येतात, फक्त दळण सारखं हवं. दोन्ही एकाच बारीक चाळणीतून चाळून घ्या. सांगलीची हळकुंडं कुठे दळली हेही आठवा. मसाला कांडपाच्या गिरणीत उन्हाळ्यात आधी मिरची आणि मग हळद दळली जाते, आणि हळदीला जो ‘झणका’ येतो तो मिरचीचा असतो. घसा किंचित जळजळला पण नाकाला मिरीचा किंवा आल्याचा वास लागला नाही, तर शंका घ्या. घरी मिक्सरला लावायची तर हळकुंड आधी खलबत्त्यात फोडून घ्या आणि थांबत थांबत फिरवा. भांडं गरम झालं की तेल उडतं आणि पुडीला करपट झाक येते.

ओली हळद वेगळ्या रांगेत बसवा. बाजारातली सुकी हळद आधी शिजवून, मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवून आणि पॉलिश करून येते. ओल्या हळदीवर यातलं काहीच झालेलं नसतं. त्यामुळे तिच्यात गाजरासारखा ताजेपणा, संत्र्याच्या सालीची एक झुळूक आणि आल्याच्या जवळ जाणारा हलका तिखटपणा असतो. सुक्या हळदीत लाकूड, माती, कस्तुरीकडे झुकणारा जडपणा. ‘कुठली जास्त चांगली’ हा प्रश्न इथे लागू पडत नाही. कैरी आणि आमचुराची स्पर्धा लावल्यासारखं ते होतं. तरी शेजारी ठेवून बघायचीच असेल तर वाळल्यावर ओल्या कंदाचा साधारण पाचवा हिस्सा उरतो हे धरून ३ ग्रॅम पुडीच्या जागी १५ ग्रॅम किसलेली ओली हळद घ्या. कंदाच्या वळ्यांमध्ये अडकलेली माती ब्रशने घासून काढा आणि साल चमच्याच्या कडेने खरवडा. ओल्या हळदीला ‘मातकट’ म्हणणाऱ्यांपैकी काहींनी खरोखरच माती प्यायलेली असते. आणि भाजीवाल्याकडून आंबेहळद तर आली नाही ना, ते कापून हुंगा. तो वेगळा कंद आहे, आतून फिकट आणि वासाला कैरीसारखा.

पिशव्यांच्या डब्याची तपासणी चाखण्याआधी सुरू होते. एक पिशवी फाडून पांढऱ्या कागदावर पसरा. बहुतेक पिशव्यांत दीड ते दोन ग्रॅम माल असतो. गवती चहाचे हिरवट तुकडे, सुंठीचे धागेदार फिकट तुकडे, मिरीचा काळा भुसा आणि हळदीचे केशरी खडे डोळ्यांनी वेगळे ओळखू येतात. मग मागची घटकांची यादी वाचा. आपल्याकडे ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. नाव हळदीचं आणि यादीत हळद तिसरी-चौथी असेल, तर तो गवती चहाचा काढा आहे, हळद नावाला. त्यात वाईट काही नाही, चवीला तो छानही असेल, फक्त हळदीच्या रांगेत त्याला उभं करू नका. ‘नैसर्गिक स्वाद’ असं लिहिलेलं असेल तर वास कुठून येतो हे पिशवी हुंगून कळणार नाही. पिशवीचा चहा फिकट उतरला म्हणून हळद खोटी असंही समजू नका. जाड खडे, कापडाआड, पाच मिनिटं आणि उकळण नाही. अशा स्थितीत रंग कमीच येणार. झाकून ५ मिनिटं ठेवा आणि पिशवी पिळू नका, किंवा दर वेळी सारखीच पिळा. पिळल्यावर भुकटी कपात उतरते आणि चव बदलते.

आता प्रत्यक्ष चाखणं. सकाळी नाश्त्यानंतर दीड-दोन तासांनी बसा. आधी चहा-कॉफी, पान, बडीशेप, सुगंधी टूथपेस्ट काही नको. कपांवर क, ख, ग लिहू नका; ‘क’ला उगाच झुकतं माप मिळतं. ४१७, ८२६, ३५९ असे तीन-तीन आकडे चिकटवा आणि ओतणारी व्यक्ती चाखणारी नसावी. दोन वेळा चाखायचं. पहिल्यांदा पांढऱ्या चिनी मातीच्या वाट्यांत, रंग आणि गाळ बघायला. दुसऱ्यांदा स्टीलच्या पेल्यांत, रंगाचा प्रभाव काढायला. गडद पिवळ्या कपाला लोक चाखण्याआधीच ‘कडक’ ठरवून मोकळे होतात.

उकळता घोट घेऊ नका, त्यात फक्त चटका कळतो. आधी गरम असताना झाकण किलकिलं करून वास घ्या. मग वाटी तळहातावर आरामात धरवेल, साधारण ५५ ते ६० अंशांवर येईल, तेव्हा पहिला घोट. पुन्हा पूर्ण कोमट झाल्यावर दुसरा. कोमट कपच जास्त बोलतो; कडवटपणा, कुबटपणा, पिठूळपणा तेव्हा उघड होतात. गरम कपात छान आणि कोमट कपात नकोसा होणारा नमुना रोजच्या पिण्यात टिकत नाही.

घोट चमचाभर घ्या, पण जोरात भुरका मारून. बशीतून चहा ओढायची सवय असेल तर इथे ती उपयोगी पडते. हवेबरोबर घोट तोंडभर पसरतो आणि वास मागच्या बाजूने नाकात चढतो. एक घोट नाक चिमटीत धरून घ्या, तोंडात फिरवा, मग नाक सोडा. नाक बंद असताना कळतं ते कडू, तुरट, झणझणीत. नाक सोडल्यावर जे उमलतं तो सगळा सुगंध. ‘कडू’ म्हणून टाकून दिलेल्या हळदीत पुष्कळदा कडूपणा थोडाच असतो, लाकडासारखा उग्र वास जास्त असतो. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून हे वेगळं करणं गरजेचं.

दोन नमुन्यांच्या मध्ये कोमट पाणी, चिमूटभर बिनमिठाचे चुरमुरे किंवा फिका भात, आणि तीन-चार मिनिटांची विश्रांती. मिरी-आल्याचा नमुना असेल तर पाण्याने झणका जात नाही, दोन चमचे दही लागतं. क्रम हलक्याकडून जडाकडे: ओली हळद, मग नुसत्या पुड्या, मग आलं-सुंठ, मग मिरी. ज्येष्ठमध असलेला चहा सगळ्यांत शेवटी, कारण त्याची गोडी जिभेवर बराच वेळ रेंगाळते आणि पुढचा कुठलाही कप फुकटात गोड लागतो. तुमच्या डब्यात ज्येष्ठमध आहे का बघा. असेल आणि पहिल्या रविवारी तो मध्ये कुठे आला असेल, तर पुढच्या कपांचे निकाल सोडून द्या. एका बैठकीत पाचपेक्षा जास्त नमुने नकोत.

नोंद करताना ‘छान’, ‘ठीक’, ‘आवडला नाही’ हे शब्द बाजूला ठेवा. पाच रकाने पुरे: गरम वास, कोमट वास, कडवटपणा, तुरट-पिठूळपणा आणि घोट गिळल्यावर चव किती सेकंद राहते. प्रत्येकाला ० ते ५ गुण. गुणांना काहीतरी आधार हवा म्हणून शेजारी नमुने ठेवा: मेथीच्या पाच-सहा दाण्यांना रात्रभर भिजवलेलं पाणी कडूसाठी, दहा मिनिटं मुरवलेला बिनदुधाचा चहा तुरटपणासाठी, नुकतीच टोक काढलेली पेन्सिल लाकडाच्या वासासाठी, बीटची साल मातकट वासासाठी. हास्यास्पद वाटेल, पण पेन्सिल हुंगल्यावर ‘हाच तो वास’ असं लोक लगेच म्हणतात, आणि मग दोघांचे गुण जुळायला लागतात.

आता माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत कामाची युक्ती. चार नमुन्यांपैकी एक नमुना गुपचूप दोन वेगळ्या क्रमांकांनी ठेवायला सांगा, म्हणजे पाच पेले होतील. नंतर बघा, त्याच हळदीला तुम्ही दोन पेल्यांत किती गुण दिलेत. एखाद्या रकान्यात २ पेक्षा जास्त फरक असेल तर त्या दिवशीची बैठक बाद. जीभ थकलेली, सर्दी, घाई, कारण काही असो. अशी तपासणी असती तर तुमच्या दोनपैकी कुठल्या रविवारवर भरवसा ठेवायचा ते तेव्हाच कळलं असतं.

दोन पुड्यांत खरंच फरक जाणवतो का, हे वेगळं पडताळायचं असेल तर तीन पेल्यांची चाचणी करा. दोन पेल्यांत एक हळद, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून एका यशाला किंमत नाही. सहा फेऱ्यांत निदान पाच वेळा ओळखता आला तर फरक खरा धरा. सहात चार अंदाजानेही दहात एकदा जमून जातात. फरकच ओळखता येत नसेल तर तिप्पट किंमत मोजायला चव हे कारण उरत नाही.

दोषांची थोडी ओळख हवी, कारण पाण्यात ते लगेच बोलतात. पुठ्ठ्यासारखा, निर्जीव वास म्हणजे पूड जुनी, तेल उडालेलं. रंग मात्र तसाच राहतो, म्हणून डोळा फसतो. करपट म्हणजे दळताना किंवा वाळवताना तापलेली. धुरकट वास वाळवणीजवळच्या चुलीचा किंवा भट्टीचा. हिरवट, कच्चट झाक म्हणजे कंद नीट शिजलेला नाही. ती पाव चमचा तुपात वीस-तीस सेकंद मंद आचेवर परतली की बरीच कमी होते, त्याहून जास्त परतली की कडू. कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास आला तर मात्र चाखत बसू नका, सरळ फेकून द्या. तिथे बुरशीची शक्यता असते आणि उकळून ती बाब सुटत नाही.

भेसळ चवीने कळत नाही, हे नीट लक्षात ठेवा. लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग किंवा मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग, दोन्ही जिभेला सापडत नाहीत. ढोबळ चाचणी अशी: काचेच्या ग्लासभर पाण्यात चमचाभर पूड टाकून न ढवळता ठेवा. चांगली पूड खाली बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर शंका. अख्ख्या हळकुंडाला फोडून बघा. आतून गर्द आणि बाहेरून त्याहून मंद असावं. बाहेरून पिवळंजर्द चकाकणारं आणि पाण्यात झटकन रंग सोडणारं नको. पॉलिश करताना थोडी हळदपूड भुरभुरतात, त्यामुळे किंचित रंग सुटणं मात्र साहजिक आहे. पिठाच्या भेसळीसाठी आयोडीनची चाचणी सुचवतात ती हळदीला निरुपयोगी आहे. हळदीत स्वतःचंच पिष्ट भरपूर असतं, शुद्ध हळदही काळीनिळी होणार. खात्रीच हवी तर प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: वजन काट्यावर, दळण एकाच चाळणीतून, पाणी एक, झाकण, गाळणं, आकडे चिकटवलेले पेले, गरम आणि कोमट असे दोन घोट, आणि एक नमुना लपवून दोनदा. यातून दोन-तीन हळदी पुढे जातील. मग कपाकडे वळा.

कपात निकाल बदलू शकतो. पाण्यात नाजूक सुगंधाने जिंकलेली हळद दुधात हरवते, कारण दुधातली चरबी आणि प्रथिनं वास धरून ठेवतात. तिथे उग्र, लाकडासारखी हळदच टिकते. म्हणून दुधात पिणार असाल तर निवड दुधातच करा. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने सुचवलेलं प्रमाण १५० मिली दुधाला अर्धा चमचा हळद असं होतं. सुरुवात त्याच्या निम्म्यापासून केलीत तरी चालेल. गूळ घालायचा तर गॅस बंद करून, नाहीतर दूध फाटू शकतं. बिनदुधाच्या कपात चरबी नसते, तिथे पाव चमचा तूप किंवा खोबरेल घातलं तर वास हळूहळू सुटतो आणि घोट गोल लागतो. लिंबू फक्त बिनदुधाच्या कपात, तेही थोडं निवल्यावर. गोड काहीही घातलंत तर ते ग्रॅमवर मोजा. ५ ग्रॅम गूळ कमी-जास्त झाला की कडवटपणाची सगळी गणितं कोसळतात.

मिरीबद्दल तुम्ही विचारलं होतं की ‘त्याशिवाय हळद लागू पडत नाही’ हे खरं का. हा समज १९९८ च्या बंगळूरच्या एका अभ्यासावरून आला. त्यात २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन, म्हणजे मिरीतला तिखट घटक, दिलं तेव्हा शरीरात शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. आता हिशेब करा. ३ टक्क्यांच्या हळदीतून २ ग्रॅम कर्क्युमिन मिळवायला सुमारे ६७ ग्रॅम पूड लागेल. तुमच्या कपात दीड ग्रॅम आहे. दोन गोष्टी एकाच मापाच्या नाहीत. मिरी चवीसाठी घाला, २०० मिलीला दोन-तीन दाणे ठेचून. त्याने कडवटपणा झाकला जातो, आणि म्हणूनच मालाच्या फेरीत ती नको.

तब्येतीबाबत इतकंच: कर्क्युमिनसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली रोजची मर्यादा शरीराच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०. ३ टक्के हळदीच्या दीड ग्रॅममध्ये ४५ येतात, ७ टक्क्यांच्या लाकाडोंगमध्ये १०५. रोज दोन कप लाकाडोंग घेतल्यास मर्यादा ओलांडली जाते, हे ध्यानात असू द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर रोजची सवय लावण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि रक्तदाब असेल तर ज्येष्ठमधाचा डबा टाळा.

यावरून तुमच्या लाकाडोंगच्या पाकिटाचंही उत्तर निघतं. ती बहुधा तुम्ही सांगलीच्या पुडीइतकीच घातली. तिला निम्म्या मात्रेत, १०० मिलीला अर्धा ग्रॅम, करून बघा. रंग पुरेसा येईल, उग्रपणा खाली येईल, आणि पाकीट दुप्पट दिवस चालेल. तरीही तीन पेल्यांच्या चाचणीत ती सांगलीच्या पुडीपासून वेगळी ओळखता आली नाही, तर पुढच्या वेळी हळकुंडंच आणा. महिनाभराची दळून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवा, बाकीची अख्खी राहू द्या. उन्हात हळदीचा डाग उडतो तसाच बरणीतला रंगही उडतो. ओली हळद उरली असेल तर ती न धुता कागदात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. पुढचा ताजा माल काढणीनंतर, जानेवारी ते मार्चमध्ये मिळेल.